मागचं सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

31 डिसेंबरची रात्रीची उपासना आटोपून माणसं दीड-दोनला घरी येतात, जेमतेम डोळा लागतो, आणि सकाळी मोबाईल उघडावा तर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर एकच वचन चार जणांनी टाकलेलं असतं. बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय 43. पूर्वीच्या गोष्टींची आठवण करू नका, मी नवीन काही करत आहे, अशा अर्थाचं. मागे उगवता सूर्य, खाली चर्चचं नाव.

वचन सुंदर आहे. पण वर्षभर ते भलत्याच ठिकाणी वापरलं जातं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला, पोर गमावलेल्या बापाला, तरुणपणी केलेल्या चुकीने झोप उडालेल्या माणसाला कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगतं, "विसर आता. देवावर सोड." सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. ऐकणाऱ्याची मात्र दुप्पट पंचाईत होते. मुळातलं दुःख असतंच, वर आपल्याला विसरता येत नाही म्हणजे आपला विश्वासच कमी पडतोय की काय, ही नवी टोचणी लागते.

बायबल खरंच विसरायला सांगतं का? यशयाचं तेच वचन, पण दोन ओळी आधीपासून वाचून बघा. संदेष्टा तिथे समुद्रातून काढलेल्या वाटेची, बुडालेल्या रथांची आणि घोड्यांची आठवण करून देतो. ही मिसर देशातून झालेल्या सुटकेची गोष्ट, इस्राएली माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची. ती सांगून झाल्यावर लगेच तो म्हणतो, हे आता आठवत बसू नका. ऐकणारे आहेत बाबेलमध्ये बंदिवान होऊन पडलेले लोक. इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, आणि देव काय तो आपल्या वाडवडिलांच्या काळात पराक्रम करायचा, अशी त्यांची समजूत होऊन बसली. त्यांना संदेष्टा सांगतो की तेव्हा समुद्रातून वाट काढली, आता वाळवंटातून काढणार आहे, इकडे बघा. म्हणजे सोडायला सांगितलेली गोष्ट कटू नव्हतीच. ती त्यांची सगळ्यात गोड आठवण होती.

या विषयावर हमखास उद्धृत होणारं दुसरं वचन पौलाचं, म्हणजे येशूच्या मरणानंतर ख्रिस्ती झालेल्या प्रेषिताचं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, शर्यतीत धावणाऱ्यासारखा, मागच्या गोष्टी मागे टाकून मी पुढे धावतो, असं तो म्हणतो. पत्र तुरुंगातून लिहिलेलं. आता त्याच्या 'मागच्या गोष्टी' कुठल्या, हे त्याच अध्यायात वर दिलेलं आहे. आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशातला, बन्यामीन कुळातला, इब्र्यांतला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), आचरणात निर्दोष. हा पौलाचा बायोडेटा आहे, आणि तो सगळा आपण केरकचरा समजतो, असं तो लिहितो. यात एक ओळ मात्र अंगावर येते. मंडळीचा छळ केला, हेसुद्धा त्याने आवेशाचा पुरावा म्हणून याच यादीत घातलंय. एकेकाळी त्याला त्याचाही अभिमान होता.

हा पौल विसरभोळा नव्हता. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार करून ठार केलं तेव्हा साक्षीदारांनी आपली वस्त्रं ज्या तरुणाच्या पायाशी ठेवली, तो शौल म्हणजे हाच. पुढे यरुशलेमात जमावासमोर बोलताना तो स्वतःहून सांगतो की स्तेफनाचं रक्त सांडलं तेव्हा मी तिथे उभा होतो, कपडे सांभाळत होतो. करिंथकरांना लिहितो की मी प्रेषितांत सगळ्यात कनिष्ठ, कारण मी देवाच्या मंडळीचा छळ केला. त्याला सगळं लख्ख आठवतं. फक्त ती आठवण आता त्याचा रस्ता ठरवत नाही. पूर्वीच्या मानमरातबाच्या जोरावर तो छाती काढत नाही आणि पूर्वीच्या पापाच्या भाराने कोपऱ्यात बसत नाही.

माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेतलं 'मागचं सोडणं' ते हेच. मी कोण, हे ठरवायचा हक्क भूतकाळाकडून काढून घ्यायचा. चांगल्या भूतकाळाकडूनही आणि वाईटाकडूनही. चांगल्याचं आपण फारसं बोलत नाही, पण आमचे आजोबा पहिले पाळक होते, या चर्चची कोनशिला आमच्या घराण्याने बसवली, असं म्हणत समितीवर पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची अडवून बसलेली माणसं कुणाला ठाऊक नाहीत?

महाराष्ट्रात या शिकवणीचा एक वेगळाच घोळ झाला. ख्रिस्ती झालास ना, मग जुनं सोड, म्हणजे नाव, पेहराव, अभंग, टाळ-मृदंग सगळंच सोड, असं काहींनी सांगितलं आणि काहींनी ऐकलंही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. पण अभंग काही त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत आणि येशूवर अभंग रचत. आज 'उपासना संगीत' हे भक्तिगीतांचं पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांची पदं तोंडपाठ असतात. पौलाचंही तसंच. धर्मसभेपुढे उभा राहून तो "मी परूशी आहे" असं म्हणतो. होतो, असं म्हणत नाही. आपली माती सोडणं आणि मातीचा गर्व सोडणं यांत त्याने गल्लत केली नाही.

आता वाईट भूतकाळाकडे येऊ. हातून घडलेलं पाप. इथे ख्रिस्ती विश्वासाचा दावा थेट आहे: क्षमा मिळाली आहे, ती कमवावी लागत नाही. कलस्सैकरांच्या पत्रात यासाठी कर्जाचा दाखला आहे. आपल्याविरुद्धचा कर्जरोखा देवाने रद्द करून वधस्तंभाला खिळून टाकला. येशूच्या मरणाने हे कसं साधलं यावर चर्चमधल्या विद्वानांचे दोन हजार वर्षं वाद चालू आहेत, त्यात आज शिरत नाही. त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध असा की कर्जरोखा गेला म्हणून गहाण पडलेलं शेत आपोआप हिरवं होत नाही. ते पडीकच असतं. नांगरावं लागतं, दगड वेचावे लागतात, कदाचित दोन-तीन वर्षं पीकही येत नाही. पण आता ते आपल्या मालकीच्या शेतात राबणं असतं, सावकाराच्या धाकाने केलेली वेठ नसते.

म्हणून बायबलमध्ये क्षमा आणि भरपाई हातात हात घालून येतात. जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन जातो आणि उभा राहून जाहीर करतो की माझी निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत. "देवाने मला माफ केलंय, आता जुनं उकरून काढू नका," असं तो यरीहोच्या लोकांना सांगत नाही. हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे ते नेहमी ज्याने पैसे खाल्लेले असतात तोच म्हणतो.

गुन्ह्याची कबुली कुठे द्यायची, यात पंथांप्रमाणे फरक आहे. नगर-जालन्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत माणूस थेट देवापुढे पाप कबूल करतो आणि उपासनेत सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसासाठी प्रायश्चित्त संस्कार असतो. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. मनापासून खेद, फादरांपुढे तोंडाने कबुली, फादरांकडून पापमुक्ती आणि मग नेमून दिलेलं प्रायश्चित्त. ऐकलेलं कुणालाही सांगायची फादरांना सक्त बंदी असते. तोंडाने बोलण्याचं महत्त्व मला या व्यवस्थेत फार वाटतं. डोक्यात फिरत असतं तोवर पाप धुक्यासारखं सगळीकडे पसरलेलं असतं. 'मी भावाच्या सहीचा खोटा कागद केला' असं एका वाक्यात उच्चारलं की त्याला आकार येतो, आणि आकार आलेल्या गोष्टीचं काहीतरी करता येतं.

चुकलेल्या माणसाला भूतकाळातून बाहेर कसं काढायचं, याचा सगळ्यात बारकाईने रंगवलेला प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आहे. येशूला धरून नेलं त्या रात्री थंडी होती. प्रमुख याजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता, आणि त्याच्याभोवती शेकत उभं असताना त्याचा शिष्य पेत्र याने येशूला ओळखत नसल्याचं तीनदा सांगितलं. पुनरुत्थानानंतर पेत्र सहा जणांबरोबर तिबिर्याच्या समुद्रावर मासे धरायला जातो. म्हणजे पुन्हा जुना धंदा. रात्रभर जाळ्यात काही येत नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी उजव्या बाजूला जाळं टाकायला सांगतो आणि 153 मोठे मासे लागतात. पेत्र पाण्यात उडी टाकून काठावर येतो, तर तिथे काय? कोळशाचा विस्तव. वर मासे, बाजूला भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव या दोनच ठिकाणी आहे.

येशू आधी सगळ्यांना न्याहारी देतो. मग पेत्राला विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं, कारण तीनच का, हे त्याला कळतं. त्या रात्रीबद्दल येशू एक शब्द काढत नाही, पण तसाच विस्तव आणि तेवढेच प्रश्न त्याच्यासमोर ठेवतो. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम देतो: माझी मेंढरं राख. पेत्राची आठवण कुणी पुसली नाही. त्या आठवणीच्या जागीच त्याला परत नेलं, पोटभर खाऊ घातलं आणि तिथूनच पुढच्या कामाला लावलं.

पण भूतकाळ दर वेळी आपल्या चुकीचाच नसतो. दुसऱ्याने केलेल्या अन्यायाचं काय? इथे योसेफाची गोष्ट वाचावी, तीही घाई न करता. भावांनी वीस रुप्यांच्या नाण्यांना विकलेला मुलगा पुढे मिसरचा मोठा अधिकारी होतो. थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवतो, कारण म्हणे देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. इतकं ठासून सांगतो. आणि दुष्काळात भाऊ धान्य मागायला दारात येतात तेव्हा त्यांना तत्क्षणी ओळखतो आणि आडोशाला जाऊन रडतो. मुलाचं नाव विसरण्यावरून ठेवून काही विसरता येत नाही, हे त्या पानावर कुणी न सांगताही दिसतं.

पुढचा भाग तर प्रवचनात हटकून गाळला जातो. योसेफ लगेच गळ्यात पडत नाही. भावांना हेर ठरवतो, एकाला अडकवून ठेवतो, धाकट्याला आणायला लावतो, त्याच्या गोणीत प्याला लपवतो. ही माणसं तीच आहेत की बदललीत, हे तो पाहतो. धाकट्या बन्यामीनच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा, असं यहूदा म्हणतो, आणि तो यहूदा म्हणजे योसेफाला विकून टाकू असं एकेकाळी सुचवणारा भाऊ. मग योसेफ ओळख देतो. क्षमा त्याच्या मनात आधीपासून असेलही, भरवसा मात्र त्याने पारखून दिला.

मार खाणाऱ्या बाईला येशूच्या शब्दांत "सत्तर वेळा सात क्षमा कर" असं सांगून पुन्हा त्याच घरात धाडणाऱ्यांनी हे अध्याय वाचलेलेच नाहीत, असं मला वाटतं. क्षमा म्हणजे सूड घ्यायचा हक्क देवाकडे सोपवणं. त्याने पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी लागत नाही, त्या माणसाच्या हाताखाली परत जावं लागत नाही. आणि क्षमेला वेळ लागला तर लागू द्यावा. योसेफाला वीसहून जास्त वर्षं लागली.

आणखी एक मागचं असतं, ते फारसं लक्षात येत नाही. मिसरमधून सुटलेले इस्राएली वाळवंटात कुरकुरतात, मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण आठवून गळा काढतात. ते सगळं फुकट मिळायचं, असंही म्हणतात! गुलामीत पाठीवर बसलेले फटके कुणालाच आठवत नाहीत. आठवण अशी लबाड असते. पूर्वीचं चर्च, पूर्वीचं गाव, पूर्वीची माणसं यांच्याबद्दल उसासे टाकताना आपणही थोडे त्या लसणाच्याच वासात असतो.

त्याच वाळवंटात देव त्यांना वर्तमानात जगायला शिकवतो, तेही भाषण न देता, जेवणातून. रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडतो, माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप). उद्यासाठी ठेवला तर किडे पडतात, घाण येते. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट वेचायची परवानगी. चाळीस वर्षं हा शिरस्ता चालला. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आज दे, असं जे मागणं आहे त्याचं मूळ इथे आहे. याचा अर्थ विमा काढू नका, पोरांच्या शिक्षणाचे पैसे साठवू नका, असा कुणी घेऊ नये. योसेफानेच सात वर्षं कोठारं भरली, आणि बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचं उदाहरण खुद्द येशूने दिलं. उद्याची तरतूद करायला मनाई नाही. उद्याची काळजी आज भोगायला मनाई आहे.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन (354–430) यांनी आपल्या आत्मकथनाच्या अकराव्या भागात काळाचा फार खोल विचार मांडला. भूतकाळ आता नाही, भविष्य अजून नाही. मग आहे काय? त्यांचं उत्तर असं की मनात तीन वर्तमान असतात. गेलेल्याचं वर्तमान म्हणजे स्मरण, चालू क्षणाचं वर्तमान म्हणजे लक्ष, येणाऱ्याचं वर्तमान म्हणजे अपेक्षा. थोडक्यात, आपल्याला छळणारा भूतकाळ मागे कुठे नाहीच, तो आत्ता, इथे, स्मरणाच्या रूपात आहे. म्हणून देवाची गाठही त्याच्याशी इथेच पडू शकते.

हे तत्त्वज्ञान जड वाटत असेल तर सतराव्या शतकातल्या पॅरिसच्या मठातल्या ब्रदर लॉरेन्सना भेटावं. आधी सैनिक होते, मग कार्मेल मठात स्वयंपाकघरात लागले, आणि स्वयंपाकघराचा त्यांना मनापासून कंटाळा होता! भांड्यांच्या खडखडाटातही प्रार्थनेत असल्यासारखं देवाजवळ राहायचं, एवढीच त्यांची साधना. चूक झाली की ती देवापाशी कबूल करायची, तू सावरलं नाहीस तर माझ्या हातून हेच होणार असं म्हणायचं, आणि पुढच्या कामाला लागायचं. चुकीभोवती घिरट्या घालणं नाही.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं आयुष्य या सगळ्याचा पुरावा म्हणून वाचता येतं. जन्म 1858. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. झाडपाला आणि रानातली फळं खाऊन काढलेल्या दिवसांबद्दल रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पदरात मनोरमा, वय वर्षं एक. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथे जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाईंनी तो जुना दुष्काळ विसरून टाकला असता तर रस्त्याकडेला पडलेल्या त्या मुली त्यांना दिसल्या असत्या का, कोण जाणे. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी खाली ठेवलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

रोजच्या जगण्यात यातलं काय करता येईल? संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रात्रीची उजळणी मला सगळ्यात सोयीची वाटते. निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाशाची मागणी, मग सकाळपासूनच्या घटना एकेक करून आठवणं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागणं, आणि उद्यासाठी एखादा ठराव. यात फक्त आजचा दिवस येतो. पाच वर्षांपूर्वीचं भांडण तिथे आलं तर ते आजच्या कुठल्या प्रसंगाने जागं झालं, एवढंच बघायचं.

ज्यांना जुनी घटना आठवताच घाम फुटतो, छाती धडधडते, झोपेतून दचकून जाग येते, त्यांनी प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. प्रार्थना पुरेशी पडत नाही म्हणून डॉक्टर, असा हिशेब यात नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालताना असा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि काही माणसं अशी असतात की वीस वर्षांपूर्वी कबूल केलेलं, क्षमा मिळालेलं पाप दर वेळी कुमसाराला पुन्हा घेऊन येतात, न जाणो मागच्या वेळी काही सांगायचं राहिलं असेल म्हणून. अनुभवी फादर त्यांना तिथल्या तिथे थांबवतात: ते झालं, ते परत आणायचं नाही, या महिन्याचं काय असेल ते बोला.